शेजीचा श्वास

सुलभाच्या खिडकीत एक दिवा होता. बोराएवढा, हिरवा. तो हिरवा असला की समजायचं, सुलभा श्वास घेते आहे. पिवळा झाला की श्वास अडखळतोय. आणि तांबडा झालाच, तर कराडहून रुग्णवाहिका निघायची आणि तिकडे न्यूझीलंडात तिच्या संग्रामच्या मनगटावरचं घड्याळ त्याला गदगदा हलवून उठवायचं.

हा दिवा मालनच्या अंगणातून दिसायचा. सकाळी सडा घालताना मालन मान वर करायची नाही, डोळा तेवढा वर करायची. हिरवा. मग उरलेलं पाणी शिंपायची. दोघींत कितीतरी वर्षांचा अबोला होता. पण अबोल्यात बघायला बंदी नसते.

वसाहत सूतगिरणीची. गिरणी कधीच बंद पडली, भोंगा गंजला, पण कामगारांसाठी बांधलेली जोडघरं तेवढी उभी राहिली. दोन घरांत एक भिंत, तीही एका विटेची. इकडे फोडणी बसली की तिकडे ठसका लागायचा. मालन इथं नवरी होऊन आली आणि पुढच्याच वर्षी पल्याडच्या घरात सुलभा आली. उंबऱ्यावर बायकांनी तिला अडवलं, नाव घे म्हणून. सुलभाची बोबडी वळली. तेव्हा गर्दीतून पुढे सरकून मालननं तिच्या कानात उखाणा सोडला, उभ्या उभ्या जुळवलेला:

गिरणीचा भोंगा उठवतो साऱ्या गावा,
दत्ताजीरावांचं नाव घेते, दारी मोगरा लावा.

बायका खळखळून हसल्या, नवरी आत आली आणि दारी मोगरा खरंच लागला. मालनला शब्द असेच सुचायचे. आईच्या जात्याशी बसून तिनं ओव्या वेचल्या होत्या, आणि जातं गेलं तरी ओव्या गेल्या नव्हत्या. सुलभाला ओवी यायची नाही, पण तिच्या हातचा चहा साऱ्या वसाहतीत नावाजलेला. चहा उकळला की ती वाटीनं भिंतीवर टणटण करायची. की मालन हातातलं काम टाकून पल्याड. त्या वाटीवरही तिनं ओवी केली होती:

शेजी, तुझ्या-माझ्या मधी एक विटंची गं भिंत
तुझी वाटी वाजली की माझ्या जिवाला निवांत

मग मालनचा नवरा गेला. त्या वर्षीच्या संक्रांतीला सुलभाकडे हळदीकुंकू होतं. मालनला कुणी बोलावलं नव्हतं, पण आपल्याच घरी जायला आवतण कशाला, म्हणून ती गेली. बायका रांगेनं बसल्या होत्या. सुलभा एकेकीला कुंकू लावत आली. मालनसमोर तिचं बोट हवेत थांबलं. कोपऱ्यात तिची सासू आणि नणंद बसल्या होत्या, त्यांच्याकडे तिची नजर गेली. आणि बोट पुढच्या बाईच्या कपाळाकडे वळलं.

एवढंच झालं. कुणी वाईट बोललं नाही, कुणी हाकललं नाही. मालन उठली, घरी आली आणि भिंतीकडे पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी वाटी वाजली, ती गेली नाही. आणखी काही दिवस वाजली. मग वाजायची थांबली. पुढे सासू गेली, दत्ताजीरावही गेले. आता दोन्ही घरांत दोन मोकळी कपाळं उरली, आणि मधे तीच एका विटेची भिंत.

*

दिवाळीत संग्राम आला आणि त्या दिव्याची, श्वास वाचणारी पेटी बसवून गेला. सुलभाचं हृदय थकलं होतं. एकदा न्हाणीत चक्कर येऊन ती पडली होती, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागलेला.

मालन तुळशीमागे भांडी घासत होती. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

“म्हंजे आता पोरगं आईवर पाळत ठेवणार,” सुलभा म्हणत होती. “सासू ठेवायची, ती बरी म्हणायची. ती निदान दुपारची झोपायची तरी.”

“आई, त्यात कॅमेरा नाही. तुझं काही दिसत नाही त्याला.”

“मग कळतं कसं?”

“इकडं ये. हौदात बघ.” संग्रामनं हौदात एक खडा टाकला असावा, डुबुक वाजलं. “लाटा उठल्या, काठाला लागून परत आल्या. आता मी मधे बोट धरतो. बदलल्या का? ही पेटी घरभर अशाच लाटा सोडते, इंटरनेटच्या. त्या नुसत्या निरोप नेत नाहीत. भिंतीला लागतात, भांड्याला लागतात, तुला लागतात नि परत येतात. तू श्वास घेतलास की तुझी छाती तसूभर वर येते ना? तेवढ्यानंही लाट बदलते. पेटी तेवढंच वाचते. आठवडाभरात तुझा श्वास तिला पाठ होईल.”

“सुनंला अजून माझा चहा पाठ झाला न्हाई आणि ही पेटी श्वास पाठ करणार.”

“आई!”

“बरं बरं. त्याची किल्ली का काय म्हणालास ती?”

“पासवर्ड तू विसरशील म्हणून तुझा उखाणाच ठेवलाय. अख्खा. आता विसरून दाखव.”

मालनच्या हातातला चमचा तसाच राहिला. जाताना संग्राम कुंपणाशी आला, वाकला. “मावशी, बरी आहेस ना?” लहानपणी तो अर्धाअधिक तिच्याच घरी जेवलेला. ती त्याच्या डोक्यावर ओला हात ठेवणार, तोच आतून सुलभा खाकरली. मालननं हात पदराला पुसला.

*

मालनला त्या किल्लीची गरज पडली ती तिच्या जाईमुळं.

तिची मुलगी मयूरी शिलाँगला, हवामान केंद्रात. तिला लेक झाली, जाई. मयूरीनं आईसाठी भिंतीवर लावायचा एक पडदा धाडून दिला होता, दाराएवढा. त्यात बघितलं की बाळ समोर पाळण्यात असल्यासारखं दिसायचं. हात घातला तर जावळाला लागेल, असं. जाईला झोपवायला दुसरं कुणी चालायचं नाही. तिन्हीसांजेला आजी पडद्यात आली आणि ओवी सुरू झाली, की पापण्या जड.

आणि नेमकी तेव्हाच मालनची इंटरनेटची तार तुटली. वसाहत पाडायची ठरली होती. खणणाऱ्यांनी रस्त्याबरोबर तारही खणली; सुलभाच्या पेटीला तार लागत नव्हती, ती तेवढी वाचली. पाडायच्या घराला नवी तार देत नाही, असं सगळीकडून सांगण्यात आलं. चार संध्याकाळी जाई रडून रडून निळी पडली. मयूरी फोनवर म्हणाली, “आई, काहीतरी कर गं. मला बघवत नाही.”

मालन पडद्यासमोर बसली. पडद्यानं आसपासची जाळी शोधली. एकच नाव उमटलं: शिंगटे, सुलभाचं आडनाव. आणि खाली किल्लीसाठी मोकळी चौकट.

सुलभाला विचारायला काय लागत होतं? एक कुंपण ओलांडायचं. “सुले, नात रडती गं,” एवढंच म्हणायचं. सुलभा नाही म्हणाली नसती, हे मालनला आपल्या हाताच्या रेषांसारखं ठाऊक होतं. म्हणूनच जिभेला जड होतं. जिच्या बोटानं आपलं कपाळ टाळलं, तिच्याच दारात पदर पसरायचा?

तिनं चौकटीत गिरणीचा भोंगा लिहिला, दत्ताजीराव लिहिले, मोगरा लिहिला. माझेच तर शब्द आहेत, ती मनाशी म्हणाली. मी दिलेले. मी माझंच घेते आहे.

पडदा उजळला. जाईनं दोन्ही मुठी हवेत उडवल्या.

निजं निजं जाईबाई, दिवा झाला थोडाथोडा
आजीच्या गं आवाजाला न्हाई वाट, न्हाई घोडा

त्या संध्याकाळी मालन पडद्यासमोर भिंतीला टेकून बसली, पोर झोपल्यावरही बसून राहिली. कुणाचं काय गेलं? विहिरीतून तांब्याभर पाणी घेतलं तर विहीर कमी होत नाही.

*

पौष लागला तसा पलीकडून आनंदाच्या बातम्या येऊ लागल्या. सुलभा अंगणात उन्हाला बसून संग्रामशी बोलायची आणि बोलायची ते भोंग्यासारखं.

“काय म्हणतोस? माझा श्वास सुधारला? अरं, मला तर दारातली पायरी चढवंना झालीय... व्हय? पेटीला जास्त कळतं व्हय माझ्यापेक्षा?... डॉक्टर काय म्हणाले?”

मालन वाल निवडत होती.

“गोळी अर्धी? बरं बाबा, अर्धी तर अर्धी. पायाला सूज येती जरा, पण ती थंडीची असंल... काय? संध्याकाळी मी गाते?” सुलभा हसली, हसताना तिला धाप लागली. “मी कशाला गाईन? गाणारी पल्याड राहते. माझा आवाज ऐकून तुझा बाप पळून जायचा.”

मालनच्या हातातून वालाची शेंग निसटली. गाणारी पल्याड राहते. इतक्या वर्षांत सुलभाच्या तोंडून आपल्याबद्दलचं पहिलं वाक्य तिनं ऐकलं होतं. ते ऐकण्यात ती इतकी बुडाली, की आधीची वाक्यं तिच्या कानावरून निसटून गेली.

ती परत आणून दिली तनुजानं. पेटीच्या कंपनीची मुलगी, पाठीवर पिशवी, पायात बूट. आधी सुलभाकडे तासभर ठोकठोक करून मग ती मालनच्या दारात आली.

“काकू, पाणी मिळेल का?”

पाणी पिता पिता तिची नजर घरभर फिरली. पडद्यावर मालननं जुनं लुगडं टाकलं होतं.

“काकू, संध्याकाळी तुम्ही गाणं म्हणता का?”

“का बाई? गुन्हा हाय का?”

“नाही हो. शेजारच्या काकूंच्या पेटीचं काहीतरी विचित्र येतंय. त्या खोलीत हालत नाहीत, तेव्हा त्यांचा श्वास उत्तम. हालतात, तेव्हा गोंधळ. आणि रोज संध्याकाळी लांब लांब उच्छ्वास, गाणाऱ्या माणसाचे. त्या तर म्हणतात, मला गाता येत नाही.”

“मशीन हाय. चुकायचंच.”

“मशीन चुकत नाही, त्याला आपण चुकीचं सांगतो.” तनुजा पायरीवर टेकली. “त्या जाळ्याला एखादा पडदा, एखादा फोन जोडला ना, की तो पेटीचा आणखी एक कान होतो. तो ज्या खोलीत असेल ती खोली पेटीला त्याच घराची वाटते. आणि या पेटीला सांगून ठेवलंय, घरात माणूस एकच. तिला दोन श्वास ऐकू आले तर ती म्हणणार, एक खरा आणि दुसरा पंख्याचा नाहीतर खिडकीच्या हलत्या पडद्याचा. जो ठळक असेल तो ती धरते. फिका असेल तो पुसून टाकते.”

“पुसून टाकते म्हंजे?”

“म्हणजे असून नसल्यासारखा. तो थांबला तरी तिला कळणार नाही.”

मालननं विचारलं, “पण बाई पडली बिडली तर? धप्पदिशी आवाज व्हईल की.”

“पडल्यासारखं वाटलं तरी ती लगेच ओरडत नाही. नाहीतर पिठाचा डबा पडला तरी रुग्णवाहिका येईल. ती आधी बघते, माणूस बोलतंय का, श्वास नीट आहे का. नीट असेल तर म्हणते, काही झालं नाही.” तनुजानं पेला खाली ठेवला आणि सरळ मालनकडे बघितलं. “काकू, कुणी रागावणार नाही. तुमच्याकडचं काही त्या जाळ्याला जोडलंय का?”

लुगड्याखाली पडदा होता. मालनच्या जिभेवर ‘व्हय’ आलं होतं, अगदी दातांपर्यंत. पण त्याच्या मागोमाग पलीकडून सुलभाचा आवाज आला, “काय गं पोरी, काय म्हणती ती?” आणि त्या ‘ती’नं सगळं अडवलं. सुलभाच्या देखत, कंपनीच्या पोरीपुढं, चोर म्हणून?

“माझ्याकडं काय न्हाई,” मालन म्हणाली. “माझी तार कवाच तुटलीय.”

तनुजा उठली. “मालकाच्या परवानगीशिवाय मला काही तोडता येत नाही. संक्रांत झाली की संग्रामदादांशी बोलते.”

*

त्या संध्याकाळी मालन लुगडं काढून पडद्याच्या बटणाशी उभी राहिली. दाबलं की झालं. बोट पुढं केलं, आणि पडदा आपणहून उजळला. जाई पालथी पडायला शिकली होती. मान उचलून, लाळ गाळत, ती आजीला शोधत होती.

“आई, संक्रांतीला बोरन्हाण करतेय हिचं,” मयूरी सांगत होती. “इथं बोरं मिळत नाहीत, चॉकलेटं घालीन. पण ओवी तुझीच पाहिजे. नवीन कर हं.”

“करते की,” मालन म्हणाली. हात बटणावरून केव्हा खाली आला, तिला कळलंही नाही.

पण मनानं एक ठरवलं. संक्रांतीला सुलभाकडे जायचं. सकाळीच जायचं, तिळगूळ घेऊन. आधी तिच्या हातावर लाडू ठेवायचा आणि मग सांगायचं: सुले, मी तुझ्या घरातलं चोरलं. पेटी माझा श्वास तुझ्या नावावर लिहिती. पोराला सांग, डॉक्टरला सांग, गोळी पहिल्यासारखी घे. मग पडदा बंद झाला तर होऊ दे. की सुलभाच म्हणेल, राहू दे गं, नात आपलीच की? या विचारानं तिला पहिल्यांदाच रडू आलं. इतकी वर्षं थांबलो, आणखी चार दिवस.

ते चार दिवस ती पडद्यासमोर श्वास आवरून गाऊ लागली. हळू, तुटक. जणू तेवढ्यानं पल्याडचा फिका श्वास थोडा ठळक होईल. जाई कुरकुरायची. मग आवाज आपोआप मोकळा व्हायचा.

*

भोगीच्या दिवशी मालननं तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, वांगी, घेवडा, गाजर, हरभरा घालून भाजी केली, लाडू वळले. पलीकडूनही गुळाच्या पाकाचा वास येत होता. सुलभाचा पाक जरा पुढं जायचा, लाडू दगड व्हायचे. दत्ताजीराव म्हणायचे, गिरणीच्या यंत्राला घाला. ते आठवून मालनला एकटीलाच हसू फुटलं.

दिवेलागणीला पडदा उजळला. उद्याची ओवी तिनं आजच म्हणायला घेतली.

बोरं नाचती अंगणी, माझ्या जाईच्या भवती
उद्या...

भिंतीपल्याड काहीतरी पडलं. धप्प. पोतं पडावं तसं.

मालन थांबली. जाईचे मिटत आलेले डोळे टक्क उघडले.

मग वाजलं. टण. टण. भिंतीवर, खाली, जमिनीलगत. वाटीनं वाजवल्यासारखं.

“काय वाजतंय गं आई?” मयूरीनं विचारलं.

मालनच्या मनात एकच आलं. तनुजानं सांगितलं. संक्रांत होईपर्यंत पोरीला धीर निघाला नाही. सुलभाला कळलं, आणि आता ती भिंत ठोकतेय. चोरटे, बंद कर तुझं गाणं. इतक्या वर्षांनी वाजवलीस, ती अशी वाजवलीस?

“काय न्हाई. शेजारी हाय,” ती म्हणाली. “म्हणू दे तिला काय म्हणायचं ते.”

टण.

जाईचा ओठ मुडपला. मालननं आवाज चढवला. भिंतीला पाठ देऊन, छाती भरभरून, ती गात राहिली. लांब, सरळ, न तुटणारे सूर. दोन ओळींच्या मधल्या जागेत पलीकडून वाटी वाजायची, हळू हळू, जणू ठेका धरल्यासारखी. मग ठेका चुकू लागला. मग एकदाच, अगदी बारीक. मग नाही.

बरं झालं, मालनला वाटलं. दमली.

पोर झोपल्यावर ती अंगणात आली. पायाखालची फरशी गार होती. तिनं डोळा वर केला. खिडकीतला दिवा हिरवा होता. गाण्यानं मोकळा झालेला श्वास जसा संथ चालतो, तसा संथ. तनुजाचं बोलणं मनाच्या तळाशी एकदा हललं. मालननं ते पायानं दाबल्यासारखं दाबलं. दिवा हिरवा आहे. आणि आत्ता या रागाच्या तोंडी कुठं जायचं? सकाळी जायचंच आहे.

*

संक्रांतीच्या सकाळी तिनं काळी चंद्रकळा नेसली, डब्यात लाडू भरले. कुंपणाचं फाटक कुरकुरलं. सुलभाच्या दाराशी रांगोळी नव्हती. कडीला दुधाची पिशवी तशीच लोंबत होती.

“सुले,” मालननं हाक मारली. पुन्हा मारली. “सुले, मी हाय गं.”

दिवा हिरवा होता.

मागच्या दाराची कडी फटीतून बोट घालून निघते, हे तिच्या बोटांना अजून ठाऊक होतं.

सुलभा स्वयंपाकघरात होती. भिंतीला लागून, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, थंडीत झोपलेल्या पोरासारखी. भोवती तिळाचे लाडू विखुरले होते आणि त्यांच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. उजव्या हातात वाटी होती, काठ भिंतीला टेकलेला. तिथला चुना बारीक बारीक उडाला होता.

मालननं तिच्या गालाला हात लावला. गाल भोगीच्या रात्रीएवढा गार होता.

वाटी तिनं ओळखली. तिचीच. मागं बारीक ठिपक्यांत नाव कोरलेलं, ‘मालन’. त्या हळदीकुंकवाच्या आधी कधीतरी लोणचं घालून दिलेली. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून सुलभानं ती एवढी वर्षं ठेवून घेतली होती. आणि काल तीत लाडू भरत होती.

पाक याही वेळी पुढं गेला होता. लाडू पडून एकही फुटला नव्हता.

मालन तिच्या उशाशी बसली. फडताळावर पेटी होती, पांढरी, डब्याएवढी, आणि तिच्या कपाळावर दुसरा हिरवा दिवा. काल ही बाई पडली तेव्हा पेटीनं ऐकलं असणार. ऐकून थांबली असणार. बघितलं असणार, माणूस बोलतंय का. माणूस गात होतं. बघितलं असणार, श्वास नीट आहे का. श्वास छाती भरून चालला होता. पेटी म्हणाली असणार, काही झालं नाही. आणि जमिनीशी जो दुसरा श्वास चालला होता, फिका, तो तिनं पुसून टाकला.

मालननं तोंडावर पदर दाबला आणि श्वास कोंडला.

काही वेळ दिवा तसाच राहिला. मग थरथरला. पिवळा झाला. मालनच्या छातीत आग उठली, डोळ्यांपुढं काजवे आले, आणि नको नको म्हणत असताना अंगानं आपणहून हवा ओढली. दिवा हिरवा झाला.

ती ओक्साबोक्शी रडू लागली. दिवा तिच्या प्रत्येक हुंदक्याबरोबर लुकलुकला, आणि हिरवाच राहिला.

तेवढ्यात पेटी बोलली. संग्रामचा आवाज, दुपारचा, कामाच्या गडबडीतला.

“आई, तिळगूळ घे गं! फोन का उचलत नाहीस? मी पेटीवरून बोलतोय... झोपलीयस का अजून? मघाशी पिवळा दिसला जरासा, घाबरलोच. आता छान आहे. रात्रभर बघत होतो, काय संथ श्वास चाललाय तुझा. डॉक्टरांना दाखवणार आहे.” तो हसला. “आणि ऐक, आज मावशीकडं जाणार होतीस ना? गेलीस का? लाडू नेलेस का तिला? मागं फिरू नकोस हं आता. आई? आई, ऐकतेयस ना?”

मालननं सुलभाची बोटं उलगडून वाटी मोकळी केली. ती पदरानं पुसली, पालथी करून आपलं नाव एकदा चाचपलं आणि मांडीत धरली. या घरात बोलून किती वर्षं झाली होती. पहिला शब्द काय असावा, याचा तिनं त्या वर्षांत शंभरदा विचार केला होता.

“आई?”

“संग्राम,” ती म्हणाली, “बाळा, तो श्वास माझा हाय रे.”